अर्धाच उघडलेला फोटो

गेल्या आठवड्यात हट्ट्याला, माहेरच्या घरी, कॉम्प्युटरसमोर बसून मी ढसाढसा रडले. स्क्रीनवर एकच ओळ… ही फाईल उघडता येत नाही.

आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. टेबलावर पांढरी चादर, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि बाजूला, गेलेल्या माणसाचा फोटो, एवढं तर सगळ्यांच्याच घरी असतं. आमच्याकडे आईचा फोटोच नव्हता.

म्हणजे होता… आधार कार्डावरचा. गावात माणूस गेलं की सर्रास तोच मोठा करून लावतात. पण आईने तो बघितला तेव्हाच मला दम भरला होता, "माय, मी गेल्यावर ह्यो फोटू नका लावू. चोरी करताना धरल्यावानी दिसून राहिले मी." दोघी पोट धरून हसलो होतो तेव्हा. मागून मागून तिने एवढंच मागितलं, आणि तेवढंही माझ्याने होत नव्हतं.

लग्नाच्या अल्बमांमध्ये ती आहे, नाही असं नाही. पण कुठे मान खाली घातलेली, कुठे आंदणाच्या भांड्यांमागे अर्धी लपलेली. ग्रुप फोटो म्हटलं की ही सगळ्यांच्या आधी जमिनीवर. "तुमी ऱ्हावा उभे, मी बसते खाली." ठरलेलंच.

मनासारखा फोटो एकच होता, मागच्या उन्हाळ्यात दादाने मोबाईलवर काढलेला. आई ओट्याच्या पायरीवर बसलीय, मागे माझी दोन्ही लेकरं उभी, आणि ही खळखळून हसतेय. त्याच दिवशीचा एक व्हिडिओपण होता, त्यात ती लेकरांवर ओरडत होती.

पुढे दादाच्या मोबाईलची मेमरी फुल झाली, म्हणून त्याने सगळं कॉम्प्युटरवर टाकलं. कॉपी नाही… कट. अर्ध्यातच लाइट गेली. लाइट आल्यावर फोल्डर दिसलं, फाईलींची नावं दिसली, त्याला वाटलं झालं काम. मग मोबाईल एक्स्चेंजमध्ये गेला.

उघडून कुणी बघितलंच नाही. आई घरातच होती ना… तिला फोटोत कशाला बघायचं?

मी हिंगोलीला एका लॅबमध्ये कामाला आहे, कॉम्प्युटर रोजचा हाताखालचा. वाटलं, जमेल. दुसरा प्लेअर टाकून बघितला, रिपेअरचं सॉफ्टवेअर उतरवलं. व्हिडिओ चालू झाला… काळा. खाली सेकंद पुढे सरकतायत, पण ना चित्र, ना आवाज.

दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने त्याच मोबाईलवर काढलेला एखादा धड व्हिडिओ मागितला, म्हणजे त्याच्यावरून हा दुरुस्त होईल म्हणे. आता तो मोबाईल कुठून आणू? आईचा आवाज तिथेच संपला.

फोटो मात्र थोडा हलला. वरून खाली हळूहळू भरत आला… आधी पत्रे, मग दार, मग दोन्ही लेकरांची तोंडं. मग आईचा पदर, पदराखालचा पांढरा भांग… आणि तिथून खाली सगळं राखाडी. फाईल तेवढीच वाचली होती.

उभे होते ते सगळे आले. खाली बसलेली तेवढी गेली. इतका राग आला मला तिचा… कशाला बसायचीस गं खाली? एकदा उभी राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?

दादा मागेच उभा होता. त्याचाही चेहरा उतरलेला. म्हणाला, "बाई, काहून जीव आटवून राहिलीस? आधारचाच लावू आता."

फोल्डर बंद करायला गेले आणि हात थांबला. फाईलीच्या नावावरचं ते नखाएवढं चित्र… त्यात आई होती. अख्खी, हसणारी. फोटोच्या फाईलीत सुरुवातीलाच त्याची एक बारकी प्रत असते, हे मला नंतर कळलं.

तेवढीच घेऊन आम्ही वसमतला फ्रेमवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "ताई, काड्यापेटीएवढा निघंल. मोठा केला की चेहरा फुटून राहिला बघा." मग त्याने कॉम्प्युटरकडून नवा चेहरा करून दाखवला… गुळगुळीत गाल आणि भरगच्च दात. आईचा पुढचा दात अर्धा तुटका होता. ही कुण्या दुसऱ्याचीच आई होती.

मी म्हटलं, आहे तेवढाच काढा. मोठी फ्रेम, आत कोरा पांढरा कागद, आणि मधोमध काड्यापेटीएवढा फोटो. दादाला लाज वाटत होती, लोक काय म्हणतील. खरं सांगते, मलापण वाटत होती.

रविवारी लोक आले. लांबून फ्रेमकडे बघून बुचकळ्यात पडायचे, मग जवळ यायचे. फूल ठेवायचे… आणि वाकून बघायचे. एकेक जण, अगदी फ्रेमला नाक लावून. शेजारच्या काकूने चष्मा पुसून पुन्हा लावला. "व्हय गं, ही तर हसून राहिली," म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली.

व्हिडिओ गेला तो गेलाच. रोज एकदा तो लावते, रोज काळाच दिसतो. तिचा आवाज आताच मला नीट आठवेनासा झालाय, आणि ह्यावर काही इलाज नाही.

पण रविवारी आलेल्या तुम्हा सगळ्यांना एक सांगते… फोटो मोठा असता तर तुम्ही लांबूनच फूल ठेवून गेला असता. जन्मभर खाली बसलेल्या माझ्या आईला बघायला त्या दिवशी तुम्ही सगळे वाकलात… तेवढ्यासाठी आभार.