ठळक अक्षरातली यादी

तो वाचन चाचणीचा कागद आज हाती लागला तर मी फाडून टाकीन. त्यातली निम्मी चूक माझीच होती, म्हणून तर राग जास्त येतो.

शहराच्या कडेला असलेल्या वाडीला, गोदामांच्या मागच्या एका शाळेत मी तिसरीचा वर्ग घेते. चाचणीचे उतारे आम्ही शिक्षकांनीच मोबाइलवर तयार करायचे, शाळेच्या ग्रुपवर टाकायचे आणि ऑफिसात त्यांची झेरॉक्स निघायची. तेव्हा मला एका नव्या ॲपचा भारी सोस लागला होता. उताऱ्यासाठी मी लग्नपत्रिकेवर असतं तसलं वेलबुट्टीचं अक्षर निवडलं. मागे फुगे, खाली फुलं. मुलांना आवडेल म्हणून! पुढे ऑफिसने कागद वाचवायला दोन पानं एकावर बसवली आणि झेरॉक्सचीच झेरॉक्स काढली. भ आणि म जुळे भाऊ झाले. घ कोणता आणि ध कोणता, हे सांगायला ज्योतिषीच बसवावा लागला असता. फुगे काळे पडून शब्दांवर येऊन बसले होते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील गोदामात हमाली करायचे. रस्त्याने येता-जाता ट्रकांच्या मागे रंगवलेलं सगळं ती वाचायची आणि वर्गात आल्या आल्या मला ऐकवायची. तीच त्या कागदापुढे मुकी झाली. पहिल्याच ओळीवर बोट ठेवून बसून राहिली.

"वाच नं बेटा," मी म्हटलं.

"मॅडम, हे अक्षरं एकमेकाच्या अंगावर पडून राहिले."

आणि मी काय केलं? घड्याळाकडे पाहिलं, तिच्या नावापुढे फुली मारली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. पोरीला वाचता येत नाही, सोमवारपासून वाचनाच्या तासाला ती पहिलीच्या मुलांत बसेल, आधी तिचे डोळे दाखवा, नाहीतर डोकं दाखवा. हे सगळं तिच्यादेखत! वडील मान खाली घालून "हो सर, हो सर" करत होते. मी शेजारीच उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामाला खाडा करून तिला शहरात, धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी शाळेत आले ते तणतणतच. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला होता. पांढऱ्यावर काळी, साधी, सुटी सुटी अक्षरं. तिने वरपासून तळाच्या बारीक ओळीपर्यंत सगळी वाचली. मग हातात कार्ड दिलं, त्यावरची वाक्यंही धडाधड वाचली.

"डॉक्टर म्हणे, पोरीचे डोये एकदम मस्त आहेत," वडील म्हणाले. "मंग मॅडम, आमची पोरगी काहून ढ? तुमचा कागद कोन तपासन?"

सोनारानेच कान टोचले म्हणायचे. मी तिला वर्गात बसवलं आणि तोच उतारा कोऱ्या कागदावर हाताने लिहिला. मोठं, साधं अक्षर, दोन ओळींत बोटभर जागा. तिने तो एका दमात वाचला. मला आधी रडू आलं आणि मग असा संताप आला की तो कागद घेऊन मी तडक ऑफिसात गेले.

"बाकीच्या पोरांनी वाचलाच नं तो छापलेला कागद?" मुख्याध्यापक म्हणाले. "मंग हिलेच काय धाड भरली?"

मी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला बोलावलं. त्याच्या हातात छापील कागद दिला. तो खडाखड वाचू लागला. तिसऱ्या ओळीला मी कागदावर तळहात ठेवला, तरी तो थांबला नाही! थेट शेवटपर्यंत म्हणून मोकळा झाला. उतारा आठवडाभर आधीच पालकांच्या ग्रुपवर फिरला होता. ज्यांच्या घरी करून घेणारं कुणी होतं, त्यांची मुलं पाठ करून आली होती. म्हणजे न वाचणारी सगळी पास, आणि प्रामाणिकपणे वाचायला बसलेली एकटी नापास. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"कागद माझा होता, चूक माझी आहे, असं मी लिहून देते," मी म्हटलं.

"तसा रकाना नाही, मॅडम. अन् नापासांची यादी वर गेली. आता काही होत नाही."

मी पाय आपटत बाहेर आले. ती मुलगी नोटीस बोर्डापुढे उभी होती. शिपायाने नुकतीच यादी लावली होती. तपासणीला येणाऱ्या साहेबांना चष्मा न शोधता वाचता यावी म्हणून ऑफिसने ती खास छापून घेतली होती: मोठी, ठळक, साधी अक्षरं, ओळींमध्ये भरपूर जागा. आमच्या शाळेत इतका स्वच्छ कागद मी त्याआधी पाहिला नव्हता.

बोट न ठेवता, कुठेही न अडखळता ती मोठ्याने वाचत होती, "वाचता न येणारे विद्यार्थी. इयत्ता तिसरी." आणि मग तिने स्वतःचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.