गोड पाण्याच्या विहिरी आणि पसरणीचा घाट

सांगलीत वकीलसाहेबांच्या अंगणात दर रविवारी सकाळी चार-पाच मोटारी लागायच्या. लढाई नुकतीच संपली होती, पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं, त्यामुळे गाड्या चालवण्यापेक्षा गाड्यांविषयी बोलणंच जास्त व्हायचं. वकीलसाहेब, एक डॉक्टर, हळदीचे एक बडे व्यापारी, आणि ह्या सगळ्यांच्या गाड्या बघणारे मोठे मिस्त्री अशी ही बैठक. फाटलेल्या टायरला आतून चामड्याचं ठिगळ कसं लावावं, थंडीत गाडी चालू होईना तर काय करावं, मुंबईला म्हणे मोटारींच्या शर्यती लागतात, त्यात कोण पुढे असतं, असं दुपारपर्यंत चालायचं.

मला तिथे डॉक्टर घेऊन गेले. त्यांची गाडी तासगावच्या वाटेवर चिखलात रुतली होती, ती मी काढून दिली होती. मी जतकडचा, धनगराच्या घरातला. सातवी शिकून सैन्यात गेलो, मोटारींच्या वर्कशॉपात चार वर्षं काढली, त्यातली बरीचशी वाळवंटात. परत आल्यावर सांगली-मिरज रस्त्याला शेड घातलं होतं. तीन बाजूंना पत्रा आणि रस्त्याकडे विटांची एक भिंत.

त्या रविवारी बोलणं निघालं ते डॉक्टरांच्याच गाडीचं. दहा मैल गेलं की रेडिएटर उकळायचा. मिस्त्री म्हणाले, ‘‘इंजिन थकलंय. सगळं उघडावं लागेल. महिनाभर माझ्याकडे राहू द्या.’’

मी पायरीवर बसलो होतो. मध्ये बोलायला नको होतं, पण बोललो. ‘‘डॉक्टरसाहेब, गाडीत पाणी कुठलं घालता?’’

‘‘आमच्या विहिरीचं.’’

‘‘तुमच्या आंघोळीच्या बंबात आतून पांढरी खपली धरते का?’’

‘‘धरते की. दरसाल फोडून काढावी लागते.’’

‘‘मग तीच खपली रेडिएटरातसुद्धा धरलीय. इंजिन चांगलं आहे. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून आत घाला, गाडी थोडा वेळ चालू ठेवा आणि सगळं पाणी सोडून द्या. मग नदीच्या पाण्यानं दोनदा खळखळून धुवा.’’

मिस्त्री हसले. ‘‘ही मेंढरं धुवायची रीत दिसतेय!’’

सगळेच हसले. डॉक्टरही थोडे हसले. माझे कान तापले. शाळेत शिकलेली शुद्ध बोली कुठल्या कुठे गेली आणि मी उठून म्हणालो, ‘‘व्हय, मेंढरंच राखत हुतो. म्हनूनच पान्यातलं कळतंय.’’ आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुपचूप सोडा घातला. रेडिएटरमधून कढीसारखा गढूळ गाळ पडला. गाडी तासगावला जाऊन आली आणि उकळली नाही. हे त्यांनी स्वतः शेडवर येऊन सांगितलं. त्याच आठवड्यात मिस्त्रीही आले. मला वाटलं, भांडायला आले. पण ते माझ्या हत्यारांकडे बघत उभे राहिले.

‘‘तू सैन्यात शिकलास,’’ ते म्हणाले. ‘‘तिथं साहेब फळ्यावर काढून शिकवतो. मी पुण्याला एका गॅरेजात दहा वर्षं मार खाऊन शिकलो. कार्बुरेटर उघडायची वेळ आली की आमचा मालक मला पाणी आणायला पाठवायचा. जे शिकलो ते चोरून शिकलो. आणि तू भर अंगणात, मालकांच्या तोंडावर, सगळं फुकट सांगून टाकतोस. मग माझ्या दहा वर्षांचं काय?’’

खरं सांगायचं तर ह्याचं पुरतं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. पण त्या वेळी मी तरुण होतो आणि मेंढरांवरून झालेलं हसणं अजून कानात होतं. मी म्हणालो, ‘‘तुमचं काय ते तुम्ही बघा. मी तर आता भिंतीवर लिहिणार आहे.’’

बोलून गेलो आणि मग ते करावंच लागलं. विटांच्या भिंतीला चुना दिला आणि डांबरात कुंचला बुडवून, बोटभर जाड अक्षरांत, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं लिहिलं: ‘रेडिएटरात खारं पाणी घालू नका. खपली धरली तर सोड्यानं धुवा.’ त्याखाली, ‘गाडी उकळली तर झाकण लगेच उघडू नका, हात भाजेल.’ त्याखाली, ‘चढावर इंजिन कण्हायच्या आधी गिअर बदला, कण्हल्यावर नव्हे.’

आधी लोक हसून पुढे गेले. मग उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे ड्रायव्हर थांबायला लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. एक जण म्हणाला, स्प्रिंगच्या पट्ट्यांना वंगण लावून वरून गोणपाट गुंडाळलं तर फुफाटा आत जात नाही. तेही मी लिहिलं. आणि जतच्या मार्गावर गाडी चालवणारा एक उंच ड्रायव्हर भिंत वाचून माझ्यावरच उखडला.

‘‘लिवलंय झ्याक. पर आमी पानी भरायचं कुटनं? कृष्णा सुटली की पुढं समद्या हिरी खाऱ्याच. का गाडीत पेशिंजर सोडून घागरी भरू?’’

उत्तर दिलं ते माझ्या बानं.

बा दरसाल मेंढरं घेऊन नदीकाठाला यायचा. त्या साली आला तेव्हा शेडसमोर घोंगडं टाकून बसला होता. त्यानं ड्रायव्हरला विचारलं, ‘‘समद्या खाऱ्या कोन म्हनतो? कवठेमहांकाळच्या अलीकडं वढ्याच्या कडंला जुनी हीर हाय. दगडी पायऱ्या हायत्या. तिचं पानी गोड. तिच्या म्होरली नवी हीर हाय ती नगं. तिथं मेंढरू एकदा तोंड लावतं, दुसऱ्यांदा लावत न्हाई.’’

ड्रायव्हर खाली बसला. बा बोलत गेला, मी लिहीत गेलो. कुठली विहीर पावसाळ्यानंतर गोड आणि उन्हाळ्यात खारी, कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुठल्या तळ्यातलं गाळून घेतलं तर चालेल. ह्या मुलखात तो पन्नास वर्षं जनावरांमागे चालला होता. त्याला एक अक्षर येत नव्हतं, पण सांगलीपासून जतपर्यंतचं पाणी त्याच्या जिभेवर होतं. ती सगळी यादी मी भिंतीवर उतरवली आणि वर मोठ्यानं लिहिलं: ‘मेंढरं राखणाऱ्यानं सांगितलेल्या विहिरी.’ तेवढं लिहिताना मला जे वाटलं ते सैन्यातली पट्टी दंडावर लागली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी सकाळी येऊन बघतो तर सगळ्या भिंतीला चुना फासलेला. कोणी फासला ते मी पाहिलं नाही आणि विचारलंही नाही. डांबर तापवत ठेवलं. तेवढ्यात जतचा ड्रायव्हर आला, त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि मोटार बाजूला घेतली. पॅसेंजर ओरडायला लागले. तो म्हणाला, ‘‘वाईच थांबा. हे तुमच्याच कामाचं हाय.’’ मग त्यातलाच एक मास्तर खाली उतरला. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्यानं विहिरींची यादी लिहिली, मी बाकीचं लिहिलं. ह्या वेळी अक्षरं दोन बोटं जाड केली. पुन्हा कोणी चुना फासला नाही.

त्याच हिवाळ्यात अंगणातल्या मंडळींनी शर्यत ठरवली. वाईच्या बाजूनं पसरणीचा घाट चढायचा, वर पाचगणीपर्यंत. गाड्या एकामागून एक दहा मिनिटांच्या अंतरानं सोडायच्या. खाली एक घड्याळ, वर एक घड्याळ. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल त्याला चांदीची ढाल. साताऱ्याचे दोघे-तिघे हौशी गाडीवालेही येणार होते.

माझ्याकडे तेव्हा जीप होती. लष्करानं लिलावात काढलेली, सैन्यातल्या दोन सोबत्यांबरोबर मिळून घेतलेली. मी वकीलसाहेबांकडे गेलो आणि शर्यतीत उतरायचंय म्हणून सांगितलं.

‘‘जीप नाही चालायची,’’ ते म्हणाले. ‘‘चारही चाकांना ओढ असते तिच्या. बरोबरी होणार नाही.’’

‘‘पुढच्या चाकांची ओढ बंद ठेवतो. तुम्ही स्वतः तपासा.’’

ते जरा अडले. ‘‘तसं नव्हे रे. ही सद्गृहस्थांची हौस आहे. लष्करी वाहनं नकोत, असा नियम आहे.’’

‘‘कुठं लिहिलाय?’’

त्यांनी टेबलावरचा कागद ओढला, टाक दौतीत बुडवला आणि माझ्या डोळ्यांदेखत नियम लिहिला. ‘‘हा बघ. इथं लिहिलाय.’’

मी म्हणालो, ‘‘ठीक आहे. मी शर्यतीत नाही. पण घाट सरकारी आहे आणि रस्ता सगळ्यांचा. तुमची शेवटची गाडी सुटली की मी माझ्या गाडीनं पाचगणीला जाईन.’’

शर्यतीच्या आदल्या दिवशी साताऱ्यात मुक्काम केला. बा बरोबर होता. जन्मात मोटारीत बसला नव्हता, पण म्हणाला, ‘‘म्या येतो. पानी म्या बघतो.’’ सकाळी वाईला नदीच्या घाटावर त्यानं ओंजळीत कृष्णेचं पाणी घेऊन चाखलं, मान हलवली, आणि मगच मला रेडिएटर भरू दिला.

गाड्या सुटत गेल्या. मिस्त्री हळदवाल्या व्यापाऱ्यांची मोठी मोटार चालवत होते. त्यांना मी खालून बघत होतो. पहिल्या वळणाला ती अवजड गाडी त्यांनी अशी वळवली की चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही, जणू गाडी रुळावर होती. माझ्या मनात त्यांच्याविषयी जी अढी होती तिच्यासकट मी म्हणालो, वा.

शेवटची गाडी गेल्यावर मी दहा मिनिटं थांबलो. खाली घड्याळ घेऊन डॉक्टरांचे धाकटे भाऊ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी क्लच सोडला तेव्हा त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं एवढं दिसलं.

त्या चढाचं फार वर्णन करता येणार नाही. करायला सवड कुठे होती? वळण यायच्या आधी दोन गाड्यांच्या अंतरावर दुसरा गिअर, बाहेर पडताना तिसरा, आणि इंजिनकडे कान. बा दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि तो मधूनच ओरडायचा, ‘‘हान! हान! म्होरं मोकळं हाय!’’ रेडिएटरवर ठेवलेली नजर मी नंतर काढून घेतली. तिथं वाफेचा एक धागासुद्धा नव्हता.

वर पोचलो तेव्हा मंडळी चहा घेत होती. सुटायच्या वेळा आधीच ठरलेल्या असल्यामुळे हिशोब करून ढाल हळदवाल्यांना दिलेली होती आणि मिस्त्री तिच्यामागे, मालकांच्या एक पाऊल पाठीमागे उभे होते. मी जीप बाजूला लावली. मी पोचताच डॉक्टरांनी वरचं घड्याळ बघितलं होतं. खालची वेळ घेऊन त्यांचे भाऊ मागे ठेवलेल्या वकिलांच्या गाडीतून थोड्या वेळानं वर आले. दोघांनी कागदावर वजाबाकी केली आणि डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, ‘‘जीप ढालीच्या गाडीपेक्षा दीड मिनिटानं लवकर आलीय.’’

‘‘जीप शर्यतीत नव्हती,’’ वकीलसाहेब म्हणाले.

‘‘नव्हती,’’ मी म्हणालो. ‘‘आणि ढाल मला नकोच आहे. पण वेळ ती वेळ.’’

तेव्हा मिस्त्री पुढे आले. मालकांना ओलांडून सरळ माझ्यासमोर. ‘‘दुसरा गिअर कुठं घेतलास?’’

मी सांगितलं. वळणाच्या किती आधी, का, बाहेर पडताना काय, सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग मी विचारलं, ‘‘पहिल्या वळणाला एवढी जड गाडी तुम्ही चाक न घासता कशी काढलीत?’’

त्यांनी डोळे उघडले. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतात. पण त्यांनी मागे मालकांकडे पाहिलं, नाही म्हणून मान हलवली आणि गाडी पुसायला निघून गेले.

ते मला कधीच कळलं नाही. मिस्त्री पुढे काही वर्षांनी वारले आणि त्यांचं वळण त्यांच्याबरोबर गेलं. मला त्यांचा राग येत नाही, पण ते वळण असं हरवण्याचा येतो.

पुढच्या साली शर्यतीच्या आधी वकीलसाहेबांची चिठ्ठी आली. आदल्या दिवशी येऊन सगळ्या गाड्या तपासून द्याव्यात. मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, ‘शर्यतीच्या यादीत मला घ्या, येतो,’ आणि परत पाठवली. उत्तर आलं नाही. मी गेलो नाही.

आम्ही त्याच घाटात आमची शर्यत केली. सर्व्हिस मोटारींचे ड्रायव्हर, इस्लामपूरचा एक ट्रकवाला, कुंडलचा एक पोरगेला ड्रायव्हर, आणि बाला घेऊन मी. जी गाडी मिळेल ती घेऊन आलो होतो. नियम एकच ठेवला: वर पोचल्यावर ज्याला जे विचारलं जाईल ते त्यानं सांगायचं. कुंडलच्या गड्यानं मोडक्या, दहा ठिकाणी सांधलेल्या मोटारीनं माझी वेळ मोडली. थोडीथोडकी नव्हे, चांगली मोडली. मला आनंद झाला असं म्हणालो तर निम्मं खोटं होईल.

‘‘कसं केलंस रं?’’ मी विचारलं.

तो लाजला. ‘‘आवं, तुमीच लिवलंय न्हवं, कन्हायच्या आदी गिअर बदला म्हून. म्या पायाऐवजी कानानं गाडी चालवली. आन् उतारावरनं हवा येती तितं जरा उगडी सोडली.’’

ते ‘हवा येती तितं’ मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यानं रस्त्यावरच काठीनं वळणं काढून दाखवली, कुठल्या वळणावर वारा समोरून लागतो आणि इंजिन थंड होतं, तिथं गाडीला किती ताणता येतं. आम्ही सगळे त्या रेघांभोवती उकिडवे बसलो. बा म्हणाला, पोरगं खरं बोलतंय, त्या अंगाला गेल्या सालीही वारं लागलं होतं.

मग आम्ही सगळ्या गाड्या वळवल्या, वाईपर्यंत खाली आलो, पाणी बदललं आणि त्याची रीत करून बघायला पुन्हा घाटाला लागलो.