थंड खोलीखालचा मुरूम

चिकलठाण्यात आमच्या घरामागं बायकोच्या श्रीखंडासाठी छोटी थंड खोली बांधायची होती. आतला गारवा जमिनीत जाऊ नये म्हणून काँक्रीटच्या स्लॅबखाली फोमच्या चार इंची पाट्या टाकायच्या. त्यांच्याखालची जमीन कुठंही खचली की स्लॅब तडकणार, दार लागणार नाही आणि माल नासणार. आमची माती काळी, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. ती तीन फूट काढायची आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरायचा. प्रत्येक थर ओला करून यंत्रानं ठोकायचा. मिस्त्रीला मी हे कागदावर लिहून दिलं होतं. सहा थर. एवढं मोजायला शाळा लागत नाही.

एक दिवस मी कामावर गेलो आणि त्यानं सगळा मुरूम एकदम ओतला, वर पाण्याचा पाईप सोडून दिला. संध्याकाळी बघतो तर मुरमावर हळदकुंकू आणि फुटलेला नारळ. देवगाव रंगारीहून आलेल्या सासऱ्यांच्या हातून त्यानं पूजाही उरकून घेतली होती.

पाणी जिरल्यावर मी आठ एमएमची सळई हातानं दाबून पाहिली. एका कोपऱ्यात चार इंच गेली, दुसऱ्यात सतरा. मी मिस्त्रीला सगळं उकरायला सांगितलं.

"साहेब, पुजलेली जागा उकरतं व्हय कुणी?" तो म्हणाला. "पाण्यानं बसतंय आपोआप. लई खोल्या बांधल्यात मी."

सासऱ्यांनीही त्याच्या बोलण्यावर मान डोलावली. माझ्या अंगाची आग झाली. कामात कसूर करायची आणि वर नारळ फोडून मालकाचं तोंड बंद करायचं, ही कुठली रीत?

बायको मात्र वडिलांना म्हणाली, "अण्णा, पूजा परत करू. खचलेल्या जमिनीवर मी धंदा कसा करू?" आणि तिनंच फावडं उचललं. मग मिस्त्रीलाही उतरावं लागलं.

सतरा इंचांच्या कोपऱ्यात दोन फुटांवरच काळी माती लागली. तिथं त्यानं खोदलंच नव्हतं. अण्णांनी तिचा गोळा चिमटीत दाबला. जन्मभर शेती केलेला माणूस.

"ही कपाशीला द्यायची माती," ते मिस्त्रीला म्हणाले. "अन् माझ्या हातून हिच्यावर नारळ फोडून घेतला तू."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ठोकायचं यंत्र आणलं. सहाही थरांवर अण्णा काठी घेऊन उभे होते.