कुठल्या शाळेत होतास?

मला माणसांना गाव विचारायची खोड आहे. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या प्लांटवर नवा माणूस आला की त्याच्या हेल्मेटवर स्टिकर लागायच्या आत मी त्याचा जिल्हा, तालुका आणि जमल्यास मोहल्लासुद्धा काढून घेतलेला असतो. बायको म्हणते, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तपासणारा पोलीससुद्धा एवढं विचारत नाही. पण परमुलखात दोन माणसं एका गावची निघाली की त्यांची गाठ घालून द्यायची, त्यांना घरी जेवायला बोलवायचं, ही आमच्या रत्नागिरीच्या खाडीकाठची रीत आहे आणि मी ती इथे वीस वर्षं पाळत आलोय. या रीतीपायी एका माणसाची नोकरी जाईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचे मॅनेजर स्कॉटलंडचे, ग्लासगो शहरातले. साठी ओलांडलेले, आवाज कधी न चढवणारे. माझे अब्बा गेले त्या दिवशी याच माणसाने दुपारच्या आत माझ्या सुट्टीचे कागद करून आणले आणि स्वतःच्या गाडीतून मला दम्मामच्या विमानतळावर सोडलं. वाटेत सांत्वनाचं एक वाक्य बोलले नाहीत, फक्त पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. मी ते विसरलेलो नाही, विसरणारही नाही. त्यांच्या टेबलावर त्यांच्या फुटबॉल क्लबचा निळा मग असायचा. क्लब हरला की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे रजेचा अर्ज न्यायचा नाही, एवढं आमच्या ऑफिसातल्या केरळच्या आणि फिलिपिन्सच्या पोरांनासुद्धा पाठ झालं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्याच शहरातला एक वेल्डिंग इन्स्पेक्टर आमच्याकडे रुजू झाला. चाळिशीचा, सडपातळ, उन्हाने दोन दिवसांत लालबुंद झालेला. तीन महिने प्रोबेशन. ते संपून कायम झाला की त्याला कुटुंबाचा व्हिसा मिळणार होता. आधीची दोन वर्षं समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर काढली होती त्याने, बायको आणि मुलगी तिकडे, हा इकडे. मुलगी दहा वर्षांची, माझ्या मुलीएवढीच. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्याकडे इथल्या शाळांची चौकशी केली आणि बोलता बोलता म्हणाला की यापुढे आणखी एक वर्ष असंच गेलं तर मुलगी मला पाहुणा समजायला लागेल.

पहिल्या दिवशी चहाच्या वेळी साहेबांनी त्याला विचारलं, "कुठल्या शाळेत होतास?"

"शाळा लवकर सोडली," तो म्हणाला. "सगळं शिकलो ते जहाजांच्या कारखान्यात."

"आणि टीम कुठली?"

"मी फुटबॉल बघत नाही."

साहेब हसले आणि विषय बदलला. मला गंमत वाटली. ग्लासगोचा माणूस आणि फुटबॉल बघत नाही? आणि साहेबांबद्दल उगीच जवळीक वाटली, की यांनाही माझ्यासारखीच खोड आहे. मी गाव विचारतो, हे शाळा विचारतात, एवढाच काय तो फरक, असं मी समजून चाललो.

मी क्वालिटी विभागात आहे. पाइपांचे वेल्ड केलेले जोड तपासायचे, एक्स-रे फिल्म बघायच्या आणि खोट असेल तो जोड कापायला लावायचा, हे आमचं दोघांचं काम. हा माणूस कामात पक्का होता. ज्या फिल्मवरून मी पुढे गेलो असतो त्या फिल्मपाशी तो थांबायचा, आणि दर वेळी त्याचंच बरोबर निघायचं. असेच एकदा पाइपांच्या सावलीत बसलो असताना मी त्याला त्याच्या आजोबांचं गाव विचारलं. बाकीच्यांपुढे मिटून असणारा तो माझ्यापुढे खुलला. आजोबा मूळचे आयर्लंडच्या डोनेगलचे. बटाटे काढायच्या मजुरीला बोटीने स्कॉटलंडला यायचे, मग तिथेच राहिले. घर कॅथलिक. शाळेला एका संताचं नाव. आजोबा लहानपणी त्याला हिरव्या-पांढऱ्या मफलरात गुंडाळून हिरव्या क्लबच्या मॅचला न्यायचे आणि त्या स्टेडियमवर आयर्लंडचा झेंडा फडकायचा. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मग तो एकदम थांबला आणि म्हणाला, "हे आपल्यातच राहू दे. ऑफिसात नको."

आता इथे माझं चुकलं, आणि कसं चुकलं ते सांगायला हवं. आमच्याकडे 'नको' या शब्दाला कोण जुमानतं? ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणणाऱ्याला आम्ही आणखी दोन भाकऱ्या वाढतो. माझ्या भावाच्या लग्नात 'मला सत्कार नको' म्हणणाऱ्या मामूंना आम्ही ओढून नेऊन हार घातला होता, आणि न घातला असता तर मामू वर्षभर बोलले नसते. मला वाटलं, हाही संकोचाने नको म्हणतोय. एका शहरातले दोघे, एकाला शाळा कळायची उत्सुकता, दुसरा लाजून सांगत नाही. मध्ये आपण आहोतच.

मी दोघांना जुम्म्याच्या नमाजानंतर घरी जेवायला बोलावलं. बायकोने सुरमई तळली, कोळंबीचं सालन केलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि गोडाला सांदणं. साहेबांनी सांदण कसं करतात ते विचारलं, नारळाचं दूध आणि तांदळाचा रवा ऐकून मान डोलावली. माझी मुलगी त्या नव्या माणसाला त्याच्या मुलीबद्दल विचारत होती, आणि तो तिला फोनमधले फोटो दाखवत होता. इतकं छान चाललं होतं की मला राहवेना.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही याला शाळा विचारली होती ना? मी काढली शोधून." आणि मी त्या संताचं नाव घेतलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे होतं. पण मी पुढे डोनेगल सांगितलं, आजोबांचा मफलर सांगितला आणि वर म्हणालो, "तुम्ही निळे, हा हिरवा. आता मॅच इथे माझ्याच घरी बघायची, दोघांनी मिळून."

कुणी हसलं नाही. साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला, रुमालाने बोटं पुसली आणि शांतपणे म्हणाले, "अस्सं." दुसऱ्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. माझी मुलगी माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "पप्पा, स्टॉप." दहा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

साहेबांनी सांदण संपवलं, बायकोचे आभार मानले आणि निघाले. त्या माणसाकडे त्यांनी जाताना पाहिलंसुद्धा नाही. मी दारात त्या इन्स्पेक्टरला गाठलं. "झालं काय?"

"माझे वडील जहाजांच्या कारखान्यात कामाला गेले तेव्हा फोरमनने त्यांना धर्म विचारला नव्हता," तो म्हणाला. "शाळा विचारली होती. शाळेला संताचं नाव असलं की माणूस कॅथलिक, म्हणजे आयरिश, म्हणजे हिरवा. फोरमन प्रॉटेस्टंट, म्हणजे निळा. मग जागा भरलेली असायची."

"ते तेव्हाचं. आणि हे सौदी आहे. इथे कोण असलं बघतं? साहेब फार भला माणूस आहे."

"भलेच असतात सगळे," तो म्हणाला आणि बूट घालायला लागला.

आत आलो तर बायको ताटं गोळा करत होती. "त्याने नको सांगितलं होतं ना तुमाला?" ती म्हणाली. "मग कशाला बोललात?" मी तिच्यावर उखडलो. माणसं लहान पोरांसारखी खेळावरून रुसतात आणि बोलणी मी खातो.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. फोनवर त्या दोन क्लबांच्या मॅचेस शोधून बघत बसलो आणि जे पाहिलं त्याने थक्क झालो. एका बाजूला ब्रिटिश राज्याचे झेंडे, दुसऱ्या बाजूला आयर्लंडचे, आणि मैदान स्कॉटलंडचं. निळ्यांतली हजारो माणसं गळ्याच्या शिरा ताणून, प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांना हरवलेल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या एका लढाईची गाणी म्हणत होती, पोपला शिव्या घालत होती, आणि समोरचे तेवढ्याच जोराने आयर्लंडच्या बंडखोरांची गाणी म्हणत होते. मध्ये पोलिसांची रांग. चेंडूकडे कुणाचं लक्ष होतं कोण जाणे. आमच्या गावातही दोन मोहल्ल्यांच्या क्रिकेट टीमा आहेत आणि डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, पण ती आऊट दिला म्हणून फुटली, आजोबा कुठून आले म्हणून नाही. मी तर आजवर गोऱ्यांना एकच समजत होतो. एक कातडी, एक भाषा, एक येशू. भांडणं आपल्याकडे, शिस्त त्यांच्याकडे. एवढी वर्षं त्यांच्यात काढून मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, याचा मला धक्काच बसला.

तरी मी स्वतःला समजावत राहिलो की ऑफिसात काही बदललेलं नाही. साहेब त्याला गुड मॉर्निंग म्हणत. फक्त चहाला हाक मारेनासे झाले. मीटिंगमध्ये त्याने कापायला सांगितलेल्या जोडाबद्दल ते मला विचारू लागले, तो शेजारी बसलेला असताना.

तिसरा महिना संपत आला तसं साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर त्याच्या प्रोबेशनचा फॉर्म होता. त्यावर दोन सह्या लागतात, मॅनेजरची आणि रोज सोबत काम करणाऱ्याची, म्हणजे माझी. साहेबांची सही झाली होती. शेरा होता, 'टीममध्ये मिसळत नाही. कायम करू नये.'

मी दोनदा वाचलं.

"साहेब, त्याच्या कामात खोट नाही," मी म्हणालो.

"नाहीच," ते म्हणाले. "काम उत्तम आहे."

"मग?"

त्यांनी निळा मग बाजूला सारला. चिडलेले नव्हते, उलट मला समजावून सांगताना त्यांचा आवाज फार मऊ होता. "माझं त्या लोकांशी काही वाकडं नाही. गावी माझा शेजारीच त्यांच्यातला आहे. पण त्याने पहिल्याच दिवशी माझ्यापासून लपवलं. आणि टीम म्हटली की माणसं एकमेकांना जुळणारी लागतात. तू इंडियातला आहेस, तुला तर हे माझ्यापेक्षा जास्त समजायला हवं."

समजलं. लग्नानंतर पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी आणि बायको भाड्याने घर शोधत फिरत होतो. एका घरमालकाने आम्हाला बसवलं, सरबत दिलं, माझं नाव विचारलं आणि असाच मऊ आवाज काढून म्हणाला, "आमचं काही नाही हो. आमचे खूप मित्र आहेत तुमच्यातले. पण सोसायटीत जुळायला हवं ना." ते सरबत मी संपवलं होतं, याची आजही लाज वाटते. तेच वाक्य सात समुद्रापलीकडच्या माणसाच्या तोंडून, माझ्यावर उपकार केलेल्या माणसाच्या तोंडून, दुसऱ्याच कुणासाठी ऐकताना मी हादरून गेलो.

आणि त्याहून मोठा हादरा पुढे होता. मी पेन उचललं. डोक्यात माझ्या मुलीची शाळा आली, माझा इकामा आला, दम्मामच्या रस्त्यावर उघडून दिलेली पाण्याची बाटली आली. मी सही केली नसती तर साहेबांनी मला काही केलं असतं का? मला वाटत नाही. नाराज झाले असते, चहाला बोलावलं नसतं. एवढ्यासाठी मी सही केली. साहेब "थँक यू" म्हणाले आणि मी दार हळू लावून बाहेर आलो.

आठवडाभराने तो जायच्या तयारीने माझ्या टेबलापाशी आला. कंपनी सोडणाऱ्याला क्लिअरन्सचा कागद घेऊन प्रत्येक विभागात सही मागत फिरावं लागतं. त्याने मोजमापाची हत्यारं, टॉर्च, फिल्म बघायचं भिंग एकेक करून टेबलावर मांडलं. सगळं पुसून आणलेलं. मी यादीवर खुणा केल्या. त्याच्या मुलीबद्दल विचारायचं होतं, तिला सांगितलं का विचारायचं होतं, आणि मी टॉर्चचा नंबर यादीशी ताडून पाहिला. प्रोबेशनच्या फॉर्मची प्रत जाणाऱ्याला देतात हे मला माहीत होतं.

मी कागद त्याच्या हातात दिला. तो तिथेच उभा राहिला.

"त्या फॉर्मवरची सही," तो म्हणाला, "वाचून केलीस का?"

नाही म्हणायची सोय होती. साहेब म्हणतात तिथे आम्ही सह्या करतो, अरबीतले कागद तर न समजताच करतो, इथे सगळ्यांचंच तसं आहे. त्याने विश्वासही ठेवला असता, कारण मला त्याच्याकडे बघून कळत होतं की त्याला तेच ऐकायचं आहे.

"हो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. "तुझ्याबद्दल बायकोला मी सांगितलं होतं," तो म्हणाला, "की त्या माणसाला यातलं काही समजलं नसणार."