गिलाव्याखालची भिंत

ओल्या सिमेंटचा वास आला की अजूनही माझा हात जवळच्या भिंतीकडे जातो. आखातातल्या करामा भागातल्या त्या जुन्या शाळेत नव्या गिलाव्यावर दिवसभर पाणी मारलं जाई, आणि भिंती ते बारीक सीत्कार करीत पिऊन टाकत.

शाळा मुलांची होती आणि मुलींचीही, पण दोघांची मिळून कधीच नव्हती. फाटकं दोन, जिने दोन, आणि अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत. शाळा दुसरीकडे गेली, इमारत कित्येक वर्षं धूळ खात राहिली आणि अखेर आमच्या मराठी मंडळाला वापरायला मिळाली. ग्रंथालय, मुलांचा मराठीचा वर्ग, एक सभागृह. मधली भिंत पाडू या, असं बैठकीत मीच म्हणाले. मग डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या घरून रोज येऊन देखरेख करणंही माझ्याकडे आलं. आणि फलक, सूचना, मराठीत जे जे लिहायचं ते सगळं.

भिंत पाडली ती मालवणकडच्या एका गवंड्याने. गावी तो भजनाचा बुवा होता, म्हणून साइटवरही सगळे त्याला बुवाच म्हणत. भिंत जिथे इमारतीला भिडली होती तिथे मागे एक खडबडीत व्रण उरला. त्यावर त्याने तीन दिवस गिलावा घोटला.

“हात फिरवून बघा, ताईनू. खय होती ती गावाची नाय.”

मी डोळे मिटून तळहात फिरवला. थंड, ओलसर, सलग. खरोखरच सापडली नाही.

त्याच दुपारी त्याने विचारलं, “आयतवारी दोन तास आमका हय भजनाक बसाक गावात काय? मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातल्या खोलयेत बारा जण आसंव. टाळ वाजवलो की वरच्या बंकावरचो नाइट ड्यूटीवालो लाथा मारता. देवाक आयकाक येवच्याआधी त्येकाच येता!”

मी हसले. “का नाही? नक्की,” म्हणाले. इतक्या सहज, की आपण शब्द दिला आहे हे मला नंतर उमगलं.

बैठकीत विषय मीच काढला. एक वहिनी चहात साखर ढवळत म्हणाल्या, “अगं, आपण इनक्लूझिव्ह आहोतच. पण वीकेंडला बॅचलर्सचा घोळका म्हणजे लेडीज अनकम्फर्टेबल होतात.” बुवाला गावी बायको होती, दोन मुली होत्या, इथल्या हिशेबात मात्र कुटुंब सोबत नसलेला तो बॅचलर. कुणीतरी म्हणालं, “आज भजन, उद्या इथेच डबे उघडतील,” आणि सगळे हसले. मी हसले नाही; चहाचा कप तेवढा तोंडाला लावला. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्याकडे वळून म्हटलं, “मग शनिवार-रविवार फक्त फॅमिलीज. बोर्डावर जरा नीट मराठीत लिहा हं. कुणी दुखावलं जाऊ नये असं.”

मी चार मसुदे केले. ‘प्रवेश नाही’ काढून टाकलं. ‘फक्त’ही काढलं. शेवटी लिहिलं: ‘शनिवार-रविवार हे अंगण कुटुंबांच्या सहवासासाठी राखीव आहे.’ ओळीला लय होती. मला ती आवडलीसुद्धा, हे लपवून काय उपयोग?

उद्घाटनानंतरच्या पहिल्या रविवारी बुवा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, मागे दोन सोबती, हातातल्या पिशवीत टाळ किणकिणत होते. बुवाला नकाराचा निरोप मी पाठवला नव्हता. रोज उद्यावर टाकत गेले होते. दोन फाटकांपैकी एक आता कायमचं बंद होतं. दुसऱ्यापाशी वॉचमनने त्यांना अडवलं आणि मला बोलावून विचारलं, “मॅडम, ये लोग फॅमिली है?”

होय म्हणायला किती श्वास लागला असता? मी गिलाव्याकडे पाहत उभी राहिले.

वॉचमनने बोट फलकाकडे केलं. बुवाने पिशवी छातीशी धरली, टाळ गप्प झाले. त्याने ती ओळ ओठ हलवत, अक्षरामागून अक्षर, पूर्ण वाचली. इथलं सगळं मराठी कोण लिहितं हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“तुमीच?”