काचपेटीतला उपवासी

मी लोणावळ्याच्या स्टेशनात तारबाबू होतो तेव्हाची गोष्ट. लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला. मी गेलो होतो आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, वेताची आरामखुर्ची घ्यायला. परत आलो तो हमालाच्या डोक्यावर मासे पाळायची काचेची पेटी घेऊन. खुर्ची दुसऱ्याच कुणी तरी चढ्या बोलीनं नेली, आणि रिकाम्या हातानं घरी जायची लाज वाटली म्हणून पुढं जी वस्तू आली तिच्यावर मी हात वर केला. शहाणी माणसं अशा वेळी फुलदाणी घेतात.

आबांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ह्यात बसायचं कसं?" एवढंच त्यांनी विचारलं.

आमचं बिऱ्हाड रेल्वेच्या चाळीत होतं. दोन खोल्या, पुढं ओटा. पेटी बाहेरच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर, ट्रंकेवर ठेवली. तिची मागची काच साहेबानं काळी रंगवलेली होती. का ते मला कळलं नाही, पण साहेबाचं म्हणजे काही तरी शास्त्र असणार असं धरून मी ती तशीच ठेवली. आता आत घालायला मासे हवेत. आमच्या घरात चार पिढ्यांत मासा शिजलेला नाही, त्यामुळे मासा कुठं मिळतो हेही मला ठाऊक नव्हतं. आईची अट एकच होती, घरात हिंसा चालायची नाही.

रुळांच्या गँगमधला एक, जवळच्या औंढे गावचा माणूस ओळखीचा होता. त्याला सांगितलं. पावसाळा लागल्यावर एके दिवशी तो लोट्यात दोन मासे घेऊन आला. मरळीच्या जातीचे, पण बोटभर लांबीचे. तिकडे त्याला डोकऱ्या म्हणतात.

"मास्तर, लय बारकं हाईत," तो म्हणाला. "कालवणाला न्हाई पुरायचं."

"कालवण नाही करायचं. बघायला पाहिजेत."

"बघायला?" त्यानं मला नीट न्याहाळलं. "मंग आमच्या खाचरात या की. तितं फुकाट बघा."

मासे मात्र सुरेख होते. अंग मातकट, डोकं सापासारखं चपटं, पण परांना शेंदरी काठ आणि आतून निळी रेघ, एखाद्या ठेवणीतल्या लुगड्यासारखी. मी चाळीत सगळ्यांना बोलावून दाखवले. पण डोकऱ्या उडी मारतो आणि पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो, हे मला त्या माणसानं सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आतल्या खोलीतून आईची किंकाळी आली, "साप! साप!" चाळ काठ्या घेऊन धावली. तांदळाच्या डब्यामागं वळवळणारा तो साप मी नुसत्या हातानं उचलला. तेवढ्या दोन क्षणांत चाळीतल्या बायामाणसांच्या नजरेत मी जो पराक्रमी ठरलो, तसा आधी कधी ठरलो नव्हतो आणि पुढंही नाही. मग मासा दिसला. काठ्या खाली आल्या आणि हसणं वर गेलं. त्या दिवसापासून आईचा पोळपाट पेटीवर झाकण म्हणून गेला, आणि आम्ही आठवडाभर वाकड्यातिकड्या पोळ्या खाल्ल्या.

खाण्याचा प्रश्न त्याहून अवघड. मी भाताची शितं टाकली, पोळीचा कुस्करा टाकला, भिजवलेली डाळ टाकली. माशांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मी स्टेशनामागच्या ओल्या जागेत गांडुळं उकरली आणि पानाच्या डब्यात घालून घरी आणली. पेटीत ती टाकताना आई मागं येऊन उभी राहिली.

"काय घालतोस रे?"

"शेवया," मी म्हणालो.

तारखात्यात इतकी वर्षं काढूनही याहून बरी थाप मला सुचली नाही. पण आईनं ती गिळली, माशांनी गांडुळं गिळली आणि घर शांत झालं.

श्रावण लागला तशी बायको तळेगावहून आली. चैत्रात तिकडे माहेरी तिला मुलगी झाली होती. बारशाला मी गेलो होतो, पण बायकांच्या गर्दीतून मला दुपट्याचं एक टोक तेवढं दिसलं होतं. आता लेक घरात आली. आतली खोली चुलीच्या धुरानं भरलेली असे, म्हणून पाळणा बाहेरच्या खोलीत टांगला. आणि बाहेरच्या खोलीत, दाराशी, आबा बसत.

आजच्या तरुण बापांना हे सांगून पटायचं नाही. वडीलधाऱ्यांच्या देखत आपलं मूल उचलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ते रडलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं, ही तेव्हा घराघरातली रीत होती. शेजारचे उचलत, दूधवाला गाल ओढून जाई, रस्त्यानं जाणारा कुणीही तिला घेऊ शकत होता. मी सोडून. एकदा आबांचा डोळा लागलाय असं पाहून मी पाळण्यावर वाकलो. आबा खोकले. मी तत्काळ पाळण्याची दोरी तपासायला लागलो, ती चांगली घट्ट होती तरी पुन्हा बांधली. बायको आतून पाहत होती. तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय ते मला कळलं नाही.

खरं सांगतो, जीव तुटायचा. ड्यूटीवर तारेची कट्टकट्ट ऐकताना तिच्या मुठी कशा असतील एवढाच विचार डोक्यात असे.

आणि मग एके दिवशी मला साहेबाच्या काळ्या काचेचं शास्त्र कळलं. मी माशांपुढं पाटावर बसलो होतो. माझ्या पाठीमागच्या दारातून उजेड येत होता, आणि पेटीत, पाण्यातल्या गवताच्या मधोमध, मला माझी मुलगी दिसली. पाळण्याबाहेर काढलेला एक पाय, मग दुसरा, मग तोंडात घातलेली मूठ. आरशात दिसावी तशी स्वच्छ. तिच्याकडे पाठ करून, रीत अजिबात न मोडता, मला ती हवी तितका वेळ बघता येत होती.

तेव्हापासून माझा मत्स्यप्रेमाचा रोग बळावला. ड्यूटीवरून आलो की टोपी काढायच्या आत मी पाटावर. मुलगी जांभई देई आणि मी माशांकडे पाहून हसे. ती शिंके आणि मी माशांना म्हणे, "अरे, अरे!" चाळीत बोललं जाऊ लागलं की तारबाबूला लेक झाली तिचं काही नाही, माशांचं मात्र वेड लागलंय. आपल्या युक्तीवर मी इतका खूश होतो की हे ऐकूनही मला बरंच वाटे.

अशात एका माशानं खाणं सोडलं. दोघांतला मोठ्या डोक्याचा तो. गांडूळ अगदी नाकापुढं आलं तरी तोंड उघडेना, कोपऱ्यात गवताखाली नुसता बसून. दुसरा मात्र दोघांच्या वाटचं खाऊन टुणटुणीत. मी काळजीत पडलो, आणि आईला साक्षात्कार झाला.

"श्रावण पाळतोय तो," आई म्हणाली. "शेवयांनासुद्धा शिवत नाही बघ."

माझी थाप अशी उलटून माझ्याच अंगावर आली. शेवया नव्हत्या असं सांगावं तर हिंसा उघडी पडते, आणि न सांगावं तर मासा साधू होतो. मी त्याला साधू होऊ दिलं. दोन दिवसांत चाळीतल्या बायका उपवासी मासा बघायला येऊ लागल्या. पेटीच्या काचेला हळदकुंकू लागलं. कुणी तुळशीचं पान आत सोडलं. खाणाऱ्या माशाला "खादाड मेली" म्हणून नावं ठेवली जाऊ लागली. ती मादी आहे हे बायकांनी कशावरून ठरवलं कोण जाणे. माझी मात्र पंचाईत झाली, कारण भक्तांच्या गर्दीत काचेतून पाळणा दिसेना.

शिवाय मला मासा आजारी वाटत होता. त्याचे गाल दोन्ही बाजूंनी फुगले होते. मी डॉक्टर नाही, पण घरी डॉक्टरी पुस्तक असलं की माणूस स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. ताप नाही, भूक नाही, गाल सुजलेले. हे गालगुंडच, असं मी निदान केलं. माशाला ताप नाही हे मला कसं कळलं, ते विचारू नका. रेल्वेच्या दवाखान्यातून घशाला लावायचं तपकिरी औषध आणलं. काडीला कापूस गुंडाळला. चहाच्या गाळणीनं मासा पकडायचा, तोंड उघडायचं आणि आतून औषध फासायचं, असा बेत होता. आईला मी सांगितलं की हे तीर्थ आहे. एकदा थापा मारायला लागलं की हात बसतो.

मासा गाळणीत आला. तोंड त्यानं घट्ट मिटलेलं. मी दोन बोटांनी त्याचा जबडा धरला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"राहू द्या त्याला."

बायको दारात उभी होती. आबा समोर बसलेले असताना ती माझ्याशी सरळ बोलली, असं याआधी कधी झालं नव्हतं. मी गाळणी धरून बघत राहिलो.

"तोंड मिटून बसलाय तर त्याचं काही तरी कारण असेल," ती म्हणाली. "प्रत्येकाला बोलता येतंच असं नाही."

मी आबांकडे पाहिलं. आता खोकतील असं वाटलं. आबा म्हणाले, "ती म्हणते ते ऐक." मी मासा पाण्यात सोडला. काडी कुठं ठेवावी ते न सुचून खिशात ठेवली आणि कोटाचं अस्तर कायमचं तपकिरी करून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून येऊन पाटावर बसलो. बाहेर लोणावळ्याचा श्रावण कोसळत होता, त्यामुळे भक्तमंडळी आली नव्हती. मासा गवताखालून बाहेर आला, थोडा वर सरकला आणि त्यानं तोंड उघडलं. आतून धूर निघावा तसं काही तरी बाहेर पडलं. मी डोळे काचेला लावले. पिल्लं होती. जिऱ्याच्या दाण्याएवढी, शेकड्यांनी, प्रत्येकाला दोन डोळे. मी दचकून मागं झालो तशी माझी सावली हलली, आणि त्या सगळ्या पिल्लांना माशानं भराभर परत तोंडात घेतलं. गाल पुन्हा फुगले. बाकी पेटीत काही घडलंच नाही, असा चेहरा करून तो बसला.

मी ओरडलो असणार, कारण आई धावत आली. थोड्या वेळानं पिल्लं पुन्हा बाहेर आली तेव्हा तिनं पाहिलं. मला वाटलं, आता उपवासाचं बिंग फुटलं. आई हात जोडून म्हणाली, "फळाला आला बाई उपवास!" आणि साखरेचा डबा घेऊन ती चाळीत वाटायला निघून गेली. माझ्या आईला हरवणं कुणाला जमलं नाही.

मग आबा उठले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच पेटीपाशी आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिले. मादी बाजूला राखण करत फिरत होती. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. इतके दिवस अन्नाचा कण न घेता त्यानं जे तोंडात धरलं होतं, त्यात मी कापसाचा बोळा घालणार होतो.

"बाप आहे तो?" आबांनी विचारलं.

"तसंच दिसतंय."

"ह्याचा बाप समोर बसत नसेल," आबा म्हणाले.

मला वर बघवेना. त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली. "मी जरा स्टेशनापर्यंत जाऊन येतो."

"आबा, एवढ्या पावसात?"

ते उंबऱ्याशी थांबले. "काचेत आपल्याला जो दिसतो, त्याला आपणही दिसतो. तारखात्यात एवढं शिकवत नाहीत वाटतं." आणि ते बाहेर पडले.

म्हणजे मी काचेतून लेकीला बघत होतो, आणि दाराशी बसून आबा त्याच काचेत रोज माझं तोंड बघत होते. माझं ते हसणं, ते "अरे, अरे!", सगळं. लाजेनं माझे कान तापले.

बायकोनं मुलीला पाळण्यातून काढलं आणि माझ्या हातात दिलं. मला धरता येईना. मान एकीकडे, पाय एकीकडे. बायको म्हणाली, "डोक्याखाली हात घ्या." घेतला. किती हलकी होती आणि किती गरम. तिनं माझ्या कोटाचं पितळी बटण मुठीत पकडलं आणि थोड्याच वेळात मला कोपरापर्यंत भिजवलं. मी रडत होतो, तेही बायकोनं पाहिलं आणि ती आत निघून गेली.

सवयीनं माझी नजर पेटीकडे वळली. काळ्या काचेत, पिल्लांच्या घोळक्यामागं, उघडं दार दिसत होतं. दारापलीकडे आबा होते. ते स्टेशनाकडे गेलेच नव्हते. ओट्याच्या कडेला, छत्री उघडून, घराकडे पाठ करून ते पावसात उभे होते.

मी मुलीला खाली ठेवलं नाही. घरात यायच्या आधी ते खोकतील, हे मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी आबा कितीतरी वेळ खोकले नाहीत.