ओस्टेंडची बोट रद्द झाली तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये शिकणाऱ्या आमच्यासारख्या मुलींना युरोप नकाशावर अगदी जवळ होता, पण प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा होता. सगळ्या देशांना मिळून एकच व्हिसा, ही सोय अजून यायची होती. पॅरिसला दोन दिवस जायचं तरी सकाळी सहाला कन्सुलेटबाहेर रांगेत उभं राहायचं, कॉलेजचं पत्र आणि परतीचं तिकीट दाखवायचं, आणि तीन दिवसांच्या शिक्क्यासाठी पासपोर्टचं अख्खं पान खर्ची घालायचं. आमच्या वर्गातले इंग्रज शुक्रवारी दुपारी ठरवून संध्याकाळी निघत. आम्ही सहा आठवडे आधीपासून तयारीला लागत असू.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. ती नागपूरची, बौद्ध घरातली, वडील शाळामास्तर. स्कॉलरशिपवर कायदा शिकायला आली होती आणि कॉलेजच्या हॉस्टेलवर राहत होती. मी पुण्याची. संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी आले होते आणि स्टॅनमोरला काका-काकूंकडे राहत होते. काका म्हणजे वडिलांचे शाळेपासूनचे मित्र, तिथे सर्जन होते. फेब्रुवारीत आम्ही दोघी पॅरिसला जाऊन आलो, त्यानंतर चार दिवसांनी काका जेवताना म्हणाले, "तुझ्या बाबांना मी शब्द दिलाय. पुन्हा असं जायचं असेल तर आधी त्यांचं पत्र येऊ दे."

मे महिन्याच्या शेवटी सोमवारची बँक हॉलिडे जोडून मैत्रिणीने बेल्जियमचं ठरवलं, तेव्हा पुण्याहून पत्र यायला वेळ नव्हता, आणि पत्रात काय येईल हेही मला माहीत होतं. मंगळवारी सकाळी दहाला माझा एक पेपर होता. मी काकूंना सांगितलं, "तीन दिवस हॉस्टेलवर अभ्यासाला जाते. तिथूनच परीक्षेला जाईन, नाहीतर सोमवारी संध्याकाळी घरी येईन." काकूंनी दोघींना पुरतील एवढे मेथीचे पराठे बांधून दिले. ते आम्ही बोटीवर खाल्ले.

फ्रान्सचा आमचा व्हिसा फेब्रुवारीतच संपला होता. म्हणून मैत्रिणीने फ्रान्स पूर्ण टाळणारा रस्ता काढला होता: डोव्हरहून थेट ओस्टेंडची बोट, आणि तशीच परत. बेल्जियमचा व्हिसा शनिवार ते सोमवार, बरोबर तीन दिवसांचा.

ब्रुज आणि ब्रसेल्स मी पाहिलं असं म्हणवत नाही. टेलिफोन बूथ दिसला की मला वाटायचं, काकूंनी आत्ता हॉस्टेलला फोन केला असेल. कालव्यातल्या बोटीत बसूनही मी नोट्स काढल्या.

"तू बेल्जियम पाहून राहिली की फॉर्म्युले?" मैत्रीण म्हणाली.

"मंगळवारी पेपर तुला नाहीये."

"मग आली कशाला?" ती हसून म्हणाली. तिच्याबरोबर असलं की मी स्वतःला जरा धीट वाटायचे, म्हणून आले होते.

सोमवारी सकाळी ओस्टेंडच्या बंदरावर पोचलो तेव्हा टर्मिनलच्या काचा वाऱ्याने थरथरत होत्या. अकराची बोट लागली नव्हती. साडेबाराला गणवेशातली बाई हातात कागद घेऊन आली आणि तिने चार भाषांत सांगितलं, की वाऱ्यामुळे आज इथे बोट येणार नाही, कॅलेहून बोटी चालू आहेत, सगळ्या प्रवाशांना कोच-बसने कॅलेला नेऊ. लोक सामान उचलून निघाले. कॅले म्हणजे फ्रान्स, हे त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

मी त्या बाईला आमचे पासपोर्ट दाखवले. तिने पानं उलटली आणि खांदे उडवले. "बॉर्डरवर कधी बघतात, कधी नाही. तुम्ही ठरवा. इथून पुढची बोट कधी, ते वारा ठरवेल." मैत्रिणीने तिच्याकडून बोट रद्द झाल्याची चिठ्ठी शिक्का मारून घेतली.

आमचं भांडण झालं ते कोचच्या दाराशी, हळू आवाजात. मी म्हणाले, "मागे जाऊन बसू. झोपल्यासारखं करू. एवढ्या गोऱ्या लोकांत कोण बघतंय?"

"आपण दोघीच तर दिसून राहिलो," ती म्हणाली. "मी समोर बसते. त्याने विचारायच्या आधी सांगते. कंपनीनेच पाठवलं, ही चिठ्ठी, हे बोटीचं तिकीट. फ्रान्समध्ये राहायचं नाही आपल्याला, दोन तास पार करायचं आहे."

"तू सांगितलंस की दोघींना उतरवतील. माझा पेपर बुडेल."

"लपून जायचं असतं तर मी इथवर आलीच नसती."

हे ती रागाने बोलली नाही. मी मात्र रागावले. ती चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. मी तिच्याजवळून शेवटच्या रांगेत गेले. तिथे एक म्हातारी इंग्रज बाई होती. तिला आमचं बोलणं समजलं नसेल, पण माझ्या हातातला पासपोर्ट आणि चेहरा बघून तिला बरंच कळलं असावं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "खिडकीकडे सरक, बाळ. माझा कोट अंगावर घे. मी सांगेन, तुला बोट लागते, म्हणून गोळी घेऊन झोपलीयेस."

मी तिचा लांब कोट घेतला आणि डोक्यापर्यंत ओढला. त्याला कापराच्या गोळ्यांचा वास येत होता.

अर्ध्या तासात कोच थांबला. दार उघडल्याचा आवाज झाला, गार वारा आत आला. बुटांचा आवाज. मग मैत्रिणीचा आवाज, स्पष्ट, सावकाश, वर्गात उत्तर द्यावं तशा इंग्रजीत. तिने बोटीचं सांगितलं, चिठ्ठी दिली, फ्रेंच व्हिसा नाही हेही सांगितलं. पानं उलटल्याचा आवाज मला शेवटच्या रांगेत ऐकू आल्यासारखा वाटला. ऐकू आला नसणार.

ऑफिसरने विचारलं, "तुमच्याबरोबर कुणी आहे?"

ती म्हणाली, "नाही. मी एकटीच आहे."

कोट बाजूला सारायला एक हात हलवणं पुरे होतं. "मीही आहे," एवढंच म्हणायचं होतं. मी मनात मोजत राहिले, आता उठते, आता उठते. म्हाताऱ्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, तो तिने दाबला. मला आधार देत होती की गप्प बस म्हणत होती, कोण जाणे. बुटांचा आवाज अर्ध्या वाटेपर्यंत आला, थांबला, परत फिरला. दार बंद झालं आणि कोच सुरू झाला.

मी कोट काढून खिडकीबाहेर पाहिलं. पत्र्याच्या छोट्या ऑफिसच्या दाराशी ती उभी होती, पाठीवर सॅक, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. ती कोचकडे पाहत होती. मला शोधत असेल तर मी तिला दिसले नाही.

कॅलेला बाहेर जाणाऱ्यांचे पासपोर्ट एक जण नुसती कव्हरं बघून पुढे ढकलत होता. माझंही कव्हर त्याने पाहिलं आणि हाताने जा म्हणाला. बोटीत मी डेकवर उभी राहिले आणि सबंध वेळ ओकत होते. म्हाताऱ्या बाईने योजलेली थाप अशी खरी झाली. डोव्हरला इमिग्रेशनच्या माणसाने स्टुडंट व्हिसा पाहिला आणि सहज विचारलं, "एकटीच प्रवास करतेस?"

"हो," मी म्हणाले.

बाहेर ओळीने चार टेलिफोन बूथ होते. मैत्रिणीच्या हॉस्टेलच्या वॉर्डनचा नंबर माझ्या डायरीत होता. मी एका बूथमध्ये शिरले, रिसीव्हर उचलला आणि विचार करत राहिले. वॉर्डन विचारेल, कोण बोलतंय? ती तिकडे कशी गेली? तू कुठे होतीस? मग ती स्टॅनमोरला फोन करेल. काका बाबांना ट्रंक कॉल लावतील. मी रिसीव्हर ठेवला. मनाशी म्हणाले, तिला पुढच्या कोचमध्ये बसवलं असेल, ती माझ्यामागून तासाभरात येईल. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

स्टॅनमोरला पोचले तेव्हा उजेड होता. काकूंनी विचारलं, "अभ्यास झाला का गं?" मी म्हटलं, झाला. रात्रभर जागी होते. सकाळी परीक्षेच्या हॉलमध्ये जायच्या आधी हॉस्टेलला फोन केला, नाव न सांगता. ती आलेली नव्हती. मी पेपर लिहिला. चांगला गेला, हे लिहायला आजही संकोच वाटतो.

मंगळवारी दिवसभरात मी हॉस्टेलला सहा वेळा फोन केला. संध्याकाळी तिथे जाऊन पायऱ्यांवर बसले. बुधवारी सकाळी पुन्हा गेले, तेव्हा ती आपल्या खोलीत होती. ओल्या केसांना टॉवेल बांधून चहा करत होती. मला पाहून तिने दुसरा कप काढला.

मी रडत काहीतरी बोलू लागले. कोट, ऑफिसर, मी उठायला हवं होतं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "थांब. तू उठली नाही, ते बरंच केलं."

"तू माझ्या पेपरसाठी एकटी म्हणालीस."

"पेपरसाठी? नाही." तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "दोघींना उतरवलं असतं तर बाहेर कोणाला कळलं असतं? एक तरी पुढे जायला हवी होती. मला वाटलं, तू डोव्हरला उतरून वॉर्डनला फोन करशील."

मी तिच्या पलंगावर बसले.

तिने सांगितलं ते असं. फ्रेंचांनी तिला लगेच बेल्जियमच्या पोलिसांकडे परत दिलं. तिचा व्हिसा सोमवारी संपत होता, म्हणून त्यांनी तिला ओस्टेंडच्या बंदरावरच एका खोलीत बसवून ठेवलं. वागले बरे, सूप दिलं. पण तिचा पासपोर्ट ठेवून घेतला. ही खरंच विद्यार्थिनी आहे असं इंग्लंडहून कुणीतरी कळवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सोमवारी कॉलेज बंद होतं. तिने हॉस्टेलचा नंबर दिला, तर ऑफिसर म्हणाला, आम्ही फोन करणार नाही, त्यांनी आम्हाला अधिकृत कळवावं. मंगळवारी दुपारी कुणाला तरी दया आली आणि त्याने कॉलेजला फोन लावला. दहा मिनिटांत काम झालं. तोवर चोवीस तास ती त्या खोलीत होती.

"दर वेळी फोन वाजला की मी उठून उभी राहायची," ती म्हणाली. "वाटायचं, हा तुझाच."

"मी फोन केला नाही."

"ते समजलं मला." ती चहा गाळत होती. "का नाही केला?"

मी काका-काकूंना मारलेली थाप तिला सांगितली. तिला त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिने गाळणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर मी तुझ्या भरवशावर बसली नसती. दुसरं काही केलं असतं."

त्या संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. ते नुकतेच हॉस्पिटलमधून आले होते, टाय सैल करून सोफ्यावर बसले होते. मी ओरडा खायच्या तयारीने उभी होते. त्यांनी फक्त एक गोष्ट विचारली.

"सोमवारी संध्याकाळी तू इथे, या घरात होतीस?"

"हो."

"आणि ती तिकडे पोलिसांत होती. माझ्या ओपीडीत तुमच्या कॉलेजचे दोन प्रोफेसर येतात, त्यांचे घरचे नंबर आहेत माझ्याकडे. मी त्यांना जेवणावरून उठवलं असतं." त्यांनी टाय काढून ठेवला. "तिला रविवारी जेवायला बोलाव."

ती आली. काकूंनी तिला आग्रह करकरून वाढलं. काका तिच्याशी कायद्यावर तासभर बोलले. निघताना ती मला म्हणाली, "चांगले लोक आहेत. इतकी काय भीत होती तू यांना?"

आमची मैत्री तुटली नाही, पण पहिल्यासारखी राहिलीही नाही. त्यानंतर कुठे भेटायचं ठरलं की ती मला दोनदा वेळ विचारायची. पूर्वी एकदा विचारायची.

सप्टेंबरमध्ये, भारतात परत जाण्याआधी, आम्ही जिनिव्हाला जायचं ठरवलं. व्हिसाच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: कोणत्याही देशाने तुम्हाला सीमेवरून परत पाठवलं आहे का? तिने 'हो'वर खूण केली आणि स्वच्छ अक्षरात पानभर खुलासा जोडला. मी तिच्या शेजारी बसून 'नाही'वर खूण केली. ते खोटं नव्हतं. फॉर्म भरताना आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

माझा व्हिसा चार दिवसांत आला. तिचा आला नाही. कारणही दिलं नाही. मी जायचं रद्द केलं आणि तिला जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

ती पुस्तकं खोक्यात भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू जाऊन यायचं होतं. काय काय पाहिलं, ते मला येऊन सांगायचं होतं."